चांडाळ शब्दाचा जपानप्रवास

जपान पाहून आलेल्या मराठी माणसाच्या लेखनाचा एक साचा ठरून गेलेला आहे. मिनिटाला सुटणारी आगगाडी, रस्त्यावर औषधालाही न सापडणारा कागदाचा कपटा, कमरेत वाकून केलेले नमस्कार, फुललेला साकुरा आणि शेवटी 'आपण कधी सुधारणार?' हा सुस्कारा. यात खोटे काही नाही. आगगाड्या मिनिटाला सुटतात हे मीही घड्याळ लावून पाहिले. फुजी पर्वत मात्र ढगात होता, त्यामुळे त्याच्याविषयी लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. पण आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या आणि आंबेडकरी चळवळीत वाढलेल्या माणसाने तेवढेच पाहून परत यावे काय?

नागपूरच्या आमच्या विहारातले आम्ही अकरा जण एप्रिलात जपानला गेलो. नागपूरकराला जपानी भिक्खू नवा नाही. साठच्या दशकात भारतात आलेल्या भदन्त सुरेई ससाई यांना दीक्षाभूमीवर पाहतच आमची पिढी मोठी झाली. तेव्हा आमच्यातल्या बहुतेकांच्या मनात एकच भाव होता: चला, बुद्धाच्या देशात जाऊ, जिथे जात नाही. मला पुस्तकांतून थोडेफार ठाऊक होते, म्हणून प्रवास कंपनीच्या कार्यक्रमात मी चार-पाच ठिकाणे हट्टाने घालून घेतली. त्यातली काही कंपनीच्या वाटाड्या बाईंनाही नवीन होती.

पहिले ठिकाण तोक्योतले. मिनामी-सेंजु स्थानकाजवळ एकोइन नावाचे एक मंदिर आहे. तोकुगावा राजवटीत इथे कोझुकाप्पारा ही वधभूमी होती. १७७१ साली सुगिता गेंपाकु आणि त्याचे वैद्य मित्र डच भाषेतले शरीररचनेचे पुस्तक हाती धरून इथे एका स्त्रीच्या प्रेताची चिरफाड पाहायला आले. पुस्तकातली चित्रे प्रत्यक्षाशी तंतोतंत जुळतात हे पाहून ते थक्क झाले, आणि त्यांनी ते पुस्तक भाषांतरित करायचे ठरवले. १७७४ साली ते प्रसिद्ध झाले. जपानच्या आधुनिक वैद्यकाचा आरंभ इथून मानतात, आणि तसे सांगणारे स्मारक तिथे आहे.

पण सुरी कोणाच्या हातात होती? वैद्यांच्या नव्हे. प्रेताला हात लावणे हे 'एटा' जातीचे काम. ज्याने ते करायचे होते तो आजारी पडला म्हणून त्याचा नव्वद वर्षांचा आजोबा आला. म्हाताऱ्याने एकेक अवयव काढून दाखवला आणि सांगितले की, तरुणपणापासून मी हे काम करीत आलो, पण आजवर एकाही वैद्याने मला काही विचारले नाही. हे सारे सुगितानेच म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत आहे. वैद्यांची नावे जपानच्या शाळकरी मुलांना पाठ असतात. ज्याने यकृत कुठे आणि हृदय कुठे ते बोटाने दाखवले त्याचे नाव सुगितानेही लिहिले नाही.

'एटा' हा शब्द ज्या चिन्हांनी लिहितात त्यांचा अर्थ 'पुष्कळ विटाळ' असा होतो. मेलेली जनावरे ओढणे, कातडे कमावणे, वधभूमीवरची कामे करणे हे त्यांच्या वाट्याला आलेले. त्यांच्या जोडीला 'हिनिन', म्हणजे अक्षरशः 'माणूस नव्हे तो': भिकारी, डोंबारी, प्रेते उचलणारे. नंतरच्या काळात या लोकांना 'बुराकुमिन', म्हणजे वस्तीतले लोक, म्हणू लागले. वंश तोच, भाषा तीच, चेहरा तोच. आमच्यातले एक काका रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी विचारले, "मग हे ओळखतात तरी कसे?" उत्तर साधे आहे. आपल्याकडे आडनाव विचारतात, तिकडे पत्ता.

क्योतोला गेल्यावर सगळे प्रवासी र्योआनजी या झेन मंदिराची बाग पाहायला जातात. पांढऱ्या खडीत पंधरा दगड. कुठेही बसा, एखादा दगड दुसऱ्याआड लपतोच, असे सांगतात. या बागेवर जगभर ग्रंथ लिहिले गेले आहेत. शून्यता, ध्यान, अनंत. तिथे बसलेल्या दोन पाश्चात्य प्रवाशांचे डोळे मिटलेले मी पाहिले. ज्यांना वाटते त्यांनी मिटावेत, पण मला त्यातला एक दगड मागून पाहायचा होता. तो पाहू देत नाहीत. त्याच्या मागच्या बाजूला दोन नावे कोरलेली आहेत. एक कोतारो, दुसरे हिकोजिरो असे वाचावे की सेइजिरो यावर अभ्यासकांत मतभेद आहे. हे दोघे 'कावारामोनो' असावेत असे मानले जाते. कावारामोनो म्हणजे नदीपात्रातले लोक. नदीकाठच्या, पुरात बुडणाऱ्या, म्हणून करमाफ असलेल्या जमिनीवर त्यांना राहू देत. जनावरे सोलणे, विहिरी खणणे, माती वाहणे ही त्यांची कामे. त्यांतूनच बागा रचणारे कसबी कारागीर निघाले. शोगुन योशिमासाच्या पदरचा झेनआमी हा त्यांतला सर्वांत नामांकित. तो १४८२ साली वारला. त्याचा नातू माताशिरो. ज्या गिंकाकुजीला, म्हणजे रुपेरी मंडपाला, आज रांगा लागतात, तिथल्या बागेशी या घराण्याचे नाव जोडले जाते.

या माताशिरोची एक हकीकत एका झेन भिक्खूच्या रोजनिशीत १४८९ सालच्या नोंदीत आहे. तो भिक्खूला म्हणाला की, कसायाच्या घरात जन्मलो याचे मला फार दुःख आहे, म्हणून मी जीव घ्यायचा नाही आणि लोभ धरायचा नाही असे ठरवले आहे. भिक्खूने त्याची वाखाणणी करून ती नोंदून ठेवली. वरवर पाहता ही धर्मनिष्ठेची सुंदर गोष्ट आहे. मला मात्र ती वाचून अंगावर काटा आला होता आणि बागेत उभे राहिल्यावर तो पुन्हा आला. ज्याच्या हातांनी राजाची बाग रचली त्याला स्वतःच्या जन्माची लाज कोणी शिकवली? पहिल्या शीलाने. जीवहत्या करू नये हे बुद्धाचे शील. पण मेलेले जनावर ओढायला, त्याचे कातडे काढायला, त्या कातड्याचे चिलखत आणि खोगीर करायला समाजाला माणसे तर हवीत. मग शील आपण पाळायचे आणि त्याचे पाप ज्याच्याकडून काम करून घेतले त्याच्या माथी मारायचे, अशी ही सोय.

इथे आपल्या वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहील, आणि तो टाळून चालणार नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मांडले की, भारतातले अस्पृश्य मूळचे बौद्ध होते, ब्राह्मणी धर्मापुढे ते झुकले नाहीत आणि त्यांनी गोमांस सोडले नाही, म्हणून त्यांना गावाबाहेर टाकले गेले. म्हणजे आपल्याकडे बुद्धाचा म्हणून जो राहिला तो अस्पृश्य झाला. जपानात बुद्धाच्या नावाने जनावराचे कातडे सोलणारा अस्पृश्य झाला. मग बाबासाहेबांचे म्हणणे चुकले काय? काही मंडळी ही गोष्ट मोठ्या आनंदाने आपल्या तोंडावर फेकतात: 'पाहा, तुमच्या बौद्ध देशातही हेच.' त्यांना वाटते, एवढ्याने धर्मांतराचा मुद्दा निकालात निघाला.

बाबासाहेबांचा सिद्धांत भारतापुरता आहे, तो त्यांनी जपानला लावलेला नाही. दुसरे असे की, जपानातली अस्पृश्यता एकट्या बुद्धधर्माने घडवली नाही. रक्त, मृत्यू, प्रसूती यांचा विटाळ मानण्याची तिथली जुनी रीत होतीच. तिला कायद्याची चौकट दिली ती तोकुगावा सरकारने. सतराव्या शतकात ख्रिस्ती धर्म निपटून काढण्यासाठी प्रत्येक कुटुंबाने कोणत्या ना कोणत्या बौद्ध मंदिरात नाव नोंदवलेच पाहिजे असा दंडक झाला. जन्म, मृत्यू, लग्न, स्थलांतर, सगळ्याचा दाखला मंदिराचा. मंदिर म्हणजे तलाठ्याचे दप्तरच झाले. त्या दप्तरात एटांची नोंद वेगळी, त्यांची मंदिरे वेगळी. जो धर्म सरकारी कचेरी होतो तो सरकारची उतरंडही राखू लागतो. पण एवढे म्हणून बुद्धधर्माच्या पुढाऱ्यांना मोकळे सोडणे मला पटत नाही. कारण त्या दप्तराला लागणारा शब्द त्यांच्या पोथीतच तयार होता, आणि तो शब्द आपल्या मातीतला होता.

क्योतो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर पूर्व आणि पश्चिम अशी दोन होंगानजी मंदिरे आहेत. जोदो शिनशु पंथाची ही मुख्य पीठे. बुराकु वस्त्यांतले बहुसंख्य लोक याच पंथाचे, कारण शिनरानने सांगितले होते की शिकारी असो, कोळी असो, अमिताभाच्या करुणेला तो वर्ज्य नाही. त्या भव्य लाकडी दालनात आम्ही बसलो होतो तेव्हा पाठ चालू होता. कोणत्या सूत्राचा ते मला कळले नाही. पण या पंथाच्या तीन मुख्य सूत्रांपैकी एक आहे 'कान-मुर्योजु-क्यो', म्हणजे अमितायुर्ध्यान सूत्र. त्याची कथा आपल्या राजगृहातली. अजातशत्रूने बाप बिंबिसार याला कोंडले. आई वैदेही त्याला चोरून अन्न पोहोचवते हे कळल्यावर तो तलवार घेऊन आईवर धावला. तेव्हा चंद्रप्रभ हा मंत्री आणि वैद्य जीवक आडवे आले. त्यांनी वेदांचा हवाला दिला: राज्यासाठी बापाला मारणारे राजे हजारोंनी झाले, पण आईला मारणारा एकही ऐकिवात नाही. हे क्षत्रियाला कलंक लावणारे कृत्य आहे, हे चांडाळाचे काम आहे, आम्ही इथे राहणार नाही.

चांडाळ. जपानी उच्चारात 'सेंदारा'. हे सूत्र पाचव्या शतकात चिनी भाषेत आले असे मानतात. त्याची संस्कृत मूळ प्रत मिळालेली नाही, आणि ते मध्य आशियात किंवा चीनमध्येच रचले गेले असावे असे काही अभ्यासक म्हणतात. तसे असेल तर गोष्ट अधिकच विचार करण्यासारखी आहे. ज्याने हे रचले त्याने कदाचित भारत पाहिलाही नसेल, पण भारतीय मंत्र्याच्या तोंडी कोणती शिवी घालायची हे त्याला बरोबर ठाऊक होते. बुद्धाचा उपदेश ज्या गाठोड्यात बांधून निघाला त्यातच ही शिवीही बांधली गेली. पुढे तोकुगावा काळातल्या या पंथाच्या भाष्यकारांना प्रश्न पडला की, सेंदारा म्हणजे कोण? त्यांनी खुलासा केला: आपल्या देशातले एटा असतात ना, तसे. झाले. राजगृहाच्या राजवाड्यात उच्चारलेला शब्द क्योतोच्या नदीकाठच्या झोपडीवर चिकटला, आणि त्याच झोपडीतला माणूस भक्तिभावाने ते सूत्र ऐकत राहिला.

या शब्दाचा एक उलटा वापरही जपानात झाला, तो सांगितला पाहिजे. तेराव्या शतकातला निचिरेन समुद्रकाठच्या कोळ्यांत वाढला. सादो बेटावर हद्दपार असताना १२७२ साली लिहिलेल्या पत्रात त्याने आपण सेंदाराच्या घरी जन्मलो असे स्वतःच लिहिले. शिवी उचलून अंगावर घेण्याची ही रीत आपल्याला ओळखीची आहे.

मेल्यावर तरी सुटका? तीही नाही. जपानी बौद्ध माणसाला मृत्यूनंतर भिक्खू नवे धर्मनाव देतात आणि ते थडग्यावर कोरतात. एटा कुटुंबांना देण्याच्या नावांत 'पशू', 'कातडे', 'दास' अशा अर्थांची चिन्हे घातली जात. अशी नावे कशी ठरवावीत याच्या हातपोथ्या होत्या. १९७९ साली अमेरिकेत प्रिन्स्टन इथे विश्वधर्म परिषद भरली असता सोतो झेन पंथाच्या प्रमुख कारभाऱ्याने सांगितले की, जपानात असा भेदभाव नाही. बुराकु मुक्ती चळवळीने त्यांना जाब विचारला. १९८४ साली पुढच्या परिषदेत त्यांना जाहीर माफी मागावी लागली. मग त्या पंथाने आपल्या मंदिरांतली थडगी आणि मृतांच्या वह्या तपासायला घेतल्या, तेव्हा ही नावे उघड्यावर आली. काही दगडांवरची बदलली गेली.

नारात आम्ही तोदाइजीचा महाबुद्ध पाहिला. सुमारे पंधरा मीटर उंच. ७५२ साली त्याचे नेत्रोन्मीलन बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्खूच्या हातून झाले. हे ऐकल्यावर आमच्या मंडळींची मान ताठ झाली, आणि व्हायलाच हवी. पण त्याच शहराच्या उत्तरेला कितायामा जुहाचिकेंदो ही एक बुटकी लांबट इमारत आहे. तिथे आमच्याखेरीज कोणी नव्हते. महारोग्यांसाठी निंशो या भिक्खूने तेराव्या शतकात हा आसरा काढला असे परंपरा सांगते. आजची इमारत सतराव्या शतकातली. निंशोचा गुरू एइसोन याने १२६९ साली जवळच्या हान्न्याजी मंदिरात दोन हजार हिनिनांना अन्नवस्त्र वाटले. मंजुश्री बोधिसत्त्व भिकाऱ्याच्या रूपाने येतो अशी त्याची श्रद्धा होती. यांचे मोठेपण नाकारणारा मी कोण? तरीही या रोग्यांचा रोग म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, ही समजूत त्या करुणेच्या पोटातच होती. भाकरी मिळाली, पण ठपका तसाच राहिला.

नाराच्या दक्षिणेला गोसे हे छोटे शहर. तिथे वाकिगामी नावाच्या लहानशा स्थानकावर आम्ही उतरलो. वाटाड्या बाई इथे पहिल्यांदाच येत होत्या. जवळच्या बुराकु वस्तीत साइकोजी हे जोदो शिनशु पंथाचे मंदिर आणि सुइहेइशा चळवळीचे संग्रहालय आहे. या मंदिराचा मुलगा साइको मानकिची. साकामोतो सेइइचिरो आणि कोमाइ किसाकु हे त्याचे याच वस्तीतले मित्र. या तरुणांच्या पुढाकाराने ३ मार्च १९२२ रोजी क्योतोच्या ओकाझाकी सभागृहात 'सुइहेइशा' स्थापन झाली. सुइहेइ म्हणजे पाण्यासारखे समपातळी. त्या जागेवरचा स्मारकदगड आम्ही आधी क्योतोत पाहिला होता. जवळच्या हेइआन मंदिराची सुमारे चोवीस मीटर उंचीची तांबडी कमान टिपायला शेकडो मोबाइल उंचावलेले होते. दगडापाशी आम्ही अकराच.

संग्रहालयात त्या संघटनेचा झेंडा आहे. काळ्या कापडावर रक्ताच्या रंगाचा काटेरी मुकुट. बौद्ध मंदिरात वाढलेल्या साइकोने खूण घेतली ती ख्रिस्ताच्या छळाची. त्यानेच लिहिलेल्या जाहीरनाम्याचा आशय असा की, दयेने आमची सुटका होणार नाही, ती आम्हीच करू, आणि स्वतःला एटा म्हणवून घेण्यात अभिमान वाटावा अशी वेळ आली आहे. १८७१ मध्येच सरकारने एटा-हिनिन ही नावे रद्द केली होती. त्यावर चिडलेल्या शेतकऱ्यांनी १८७३ मध्ये मिमासाका भागात वस्त्या जाळल्या, माणसे मारली. कागदावरच्या समतेची पन्नास वर्षे भोगून झाल्यावर ही सभा भरली होती. सोळा वर्षांचा यामादा कोनोजिरो शाळेत काय सोसावे लागते ते त्या सभेत बोलला. पाठोपाठ त्यांनी दोन्ही होंगानजींना जाऊन बजावले की, पुढची वीस वर्षे आमच्या वस्त्यांतून वर्गणी मागायची नाही. देवळात घ्या अशी मागणी त्यांनी केली नाही. पैसे बंद केले. १९२३ मध्ये कोरियातल्या जिंजू इथे पैकचोंग खाटकांनी ह्योंगप्योंगसा काढली आणि दोन्ही संघटनांची पत्रे, माणसे समुद्र ओलांडून गेली. १९२० च्या माणगाव परिषदेपासून १९२७ च्या महाडपर्यंतचा आपला काळ तो हाच. तीन देशांतले कातड्याशी बांधलेले लोक एकाच दशकात उठले, हे शाळेच्या पुस्तकात का येऊ नये?

आज काय? १९९३ च्या सरकारी पाहणीत चार हजार चारशेंहून अधिक वस्त्या आणि सुमारे नऊ लाख लोक मोजले गेले. १९६९ पासून घरे, रस्ते, शिष्यवृत्त्या यांवर मोठा खर्च झाला. तो कायदा २००२ मध्ये संपला. १९७५ मध्ये उघडकीस आले की, बुराकु वस्त्यांच्या पत्त्यांची यादी छापून विकली जाते आणि नामांकित कंपन्या नोकरभरतीसाठी ती विकत घेतात. आता तीच यादी इंटरनेटवर चढते. ती काढून टाका असे तोक्योच्या न्यायालयांनी २०२१ आणि २०२३ मध्ये सांगितले. दरम्यान २०१६ मध्ये भेदभाव निर्मूलनाचा नवा कायदा झाला, पण त्यात शिक्षेची तरतूद नाही. ओसाकाचे मानवी हक्क संग्रहालय आम्हाला पाहता आले नाही. १९८५ मध्ये उघडलेले हे संग्रहालय २०२० मध्ये बंद झाले.

गोसेहून त्याच रेल्वेमार्गाने हाशिमोतो, आणि तिथून डोंगरी गाडीने कोयासान. शिंगोन पंथाचा हा पर्वत ८१६ साली कूकाइला मिळाला. १८७२ पर्यंत स्त्रियांना वर प्रवेश नव्हता. त्यांनी जिथून परत फिरायचे तिथले 'न्योनिनदो' अजून उभे आहे. आमच्यातल्या चौघीजणी त्यापुढे छायाचित्र काढायला उभ्या राहिल्या. एकीने विचारले, "इथून खाली पाठवत होते होय?" आणि चौघी हसल्या.

कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. आम्ही त्रिशरण पंचशील म्हटले. पहिले शील म्हणताना माझ्या मनात मातीने माखलेल्या हातांचा माताशिरो नव्हे, माताशिरोसारखी नावे मागे न ठेवता गेलेली माणसे होती.